हातात राहिलेला तुंबा

पडद्यावर झुलेमाच्या नावाखाली एक मिशीवाला पुरुष उभा होता. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुरुष तिथेच होता. वर ठळक अक्षरांत ‘झुलेमा आरोस्पिदे संशोधन निधी, तरुण भूलतज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञांसाठी’ आणि खाली छाती पुढे काढून, हात मागे बांधून सर्जन बेर्रुत्ती. जेवणानंतर ज्याचे हात थरथरायचे आणि ज्याच्या शिव्या अख्ख्या मजल्याला पाठ होत्या, तो बेर्रुत्ती. “रोदोल्फो,” मी म्हटलं, “हा कोण?” निवड समितीचा अध्यक्ष डॉक्टर रोदोल्फो कासारेत्तो एके काळी माझा विद्यार्थी होता. अजून मला बाई म्हणतो आणि अजून मला घाबरल्याचं नाटक करतो. “झुलेमाबाईंच्या काळातला फोटो आहे, बाई. जरा वातावरण म्हणून.” “आणि झुलेमा कुठाय यात?” “असेल की कुठेतरी,” तो म्हणाला आणि सँडविचच्या तबकाकडे वळला.

होती. कुठेतरी होतीच. तो फोटो जुन्या सरकारी हॉस्पिटलच्या जिन्यात टांगलेला असायचा. जाता-येता मी तो हजारदा पाहिलेला. मधोमध बेर्रुत्ती, दोन्ही बाजूंना त्याचे मदतनीस, नर्सा, एक धर्मगुरूसुद्धा, आणि टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला ताणून बांधलेली पांढरी चादर. चादरीच्या वर एक कपाळ आणि दोन डोळे. ते कपाळ झुलेमाचं. भूल देणाऱ्या माणसाचा पुरता फोटो आमच्या काळात कुणी काढलाच नाही. आम्ही कायम चादरीच्या अलीकडे. निधी चालवणाऱ्या औषधकंपनीच्या कचेरीतल्या कुणीतरी आता त्या फोटोतून महत्त्वाचा दिसणारा माणूस कापून घेतला होता, आणि कापताना कपाळ बाहेर राहिलं होतं. आमची चादर होती तिथेच आहे, एवढाच त्याचा अर्थ. चादरीपलीकडची माणसं पोट बघतात, झुलेमा म्हणायची, आपल्याला चेहरा दिलाय. ती रोग्याच्या कानशिलावर, जिथे नाडी लागते तिथे, दोन बोटं ठेवून तासन्‌तास बसायची. माझ्या डाव्या कानात तिने पहिल्यांदा ती रबरी नळी घातली. नळीचं दुसरं टोक झोपलेल्या माणसाच्या छातीवर चिकटवलेलं. “आता हा कान तुझा नाही,” ती म्हणाली, “हा त्याचा.” माझं अर्धं आयुष्य त्या कानात परक्या माणसांचा श्वास चालू होता. घरी नवरा काही बोलला तर मी उजवा कान पुढे करायचे. तो बिचारा शेवटपर्यंत समजत होता की मी डाव्या कानाने बहिरी आहे.

खिडकीबाहेर रांब्लावर, किनाऱ्याच्या रस्त्यावर, जुलैचा, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्याचा, वारा सुटला होता आणि रस्त्यापलीकडे ती तपकिरी नदी, जिला आम्ही मोंतेविदेओवाले हट्टाने समुद्र म्हणतो, भिंतीवर आपटत होती. आत मात्र हॉटेलवाल्यांनी इतकी ऊब करून ठेवली होती की सगळ्यांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे दिसत होते. समितीत आम्ही तिघं. रोदोल्फो. विद्यापीठातली डॉक्टर सिल्बरमान, जिचं मत शेवटी जो बोलेल त्याच्यासारखं असतं. आणि मी, झुलेमाला ओळखणारी आता एकटीच उरलेली बाई म्हणून सोफ्यावर ठेवावी तशी ठेवलेली. कंपनीचा माणूस फेर्रीन याला मत नव्हतं. तो फक्त सँडविच आणतो, असं तो स्वतःच हसून सांगायचा. पण बोलण्याआधी सगळे त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचे, जसं आम्ही पूर्वी औषध सोडण्याआधी नाडीकडे बघायचो.

या निधीतून पैसे मिळतात असं लोकांना वाटतं. मिळते ती फुरसत. आमच्याकडे तरुण डॉक्टर सकाळी एका हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्यात आणि मधल्या रात्री तिसऱ्यात भूल देतो, तेव्हा कुठे त्याचं घर चालतं. बसमध्ये जेवतो, बसमध्ये झोपतो. निधी त्याला आठवड्यातले दोन दिवस विकत घेऊन देतो. त्या दोन दिवसांत त्याने कुणालाही झोपवायचं नाही. जागं राहून विचार करायचा. झुलेमाला असलं काही कुणी दिलं नाही. तिने आपली दुपारची झोप मोडून ते दिवस मिळवले. सगळं हॉस्पिटल पेंगत असताना ती काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात यर्बाचा, आमच्या कडू पानांच्या काढ्याचा, तुंबा घेऊन वॉर्डातून फिरायची. सकाळी झोपवलेल्या माणसांपाशी बसायची, ज्यांना प्यायची परवानगी होती त्यांना यर्बा द्यायची, ज्यांना नव्हती त्यांच्या हातात नुसताच ऊबदार तुंबा ठेवायची. आणि तुंबा परत कधी येतो ते बघायची. आमच्याकडे तान्हं पोरसुद्धा जाणतं की तुंबा आला की प्यायचं, ओढायची नळी रिकामी गुरगुरली की लगेच परत द्यायचा, रांगेतला पुढचा वाट बघत असतो. कुणी धरून बसलं की सगळे ओरडतात, “काय रे, मायक्रोफोन आहे का तो? भाषण करतोस?” झुलेमाचं म्हणणं असं की ज्याला दुखत नाही तो तुंबा परत देतो. ज्याला दुखतंय तो धरून ठेवतो. त्याला वाटतं आपण दिला. तोंडाने तो म्हणेल, छान आहे बाई, मजेत आहे; पण लक्ष आत कुठेतरी गेलेलं असतं आणि हात तसाच राहतो. तिने हे कधी कुठे छापलं नाही. कोण छापणार? सर्जन लोक तिला ‘चहावाली’ म्हणायचे. आता तिच्या नावाचा निधी आहे आणि त्यावर सर्जनचा फोटो आहे.

पहिला उमेदवार आला, फेलिपे गारात. उंच, सूर्यात भाजलेला, शिडाची होडी चालवणाऱ्या घरातला मुलगा. त्याचे बूट इतके स्वच्छ की हा हॉस्पिटलात कधी खाटांच्या रांगेतून चालला असेल असं वाटेना. रोदोल्फोने त्याला ‘आपण’ म्हटलं, आणि ते म्हणताना त्याचे ओठ हसू दाबत होते, कारण या पोराचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातावर धरणारा धर्मपिता रोदोल्फोच. फेलिपेचं म्हणणं सोपं होतं. सरकारी हॉस्पिटलातल्या प्रत्येक रोग्याला नर्स रोज विचारते, शून्य ते दहा, किती दुखतंय? असे वर्षानुवर्षांचे आकडे कॉम्प्युटरात पडून आहेत. ते सगळे एका यंत्राला शिकवायचे. मग यंत्रच सांगेल, कुणाला उद्या किती दुखणार आणि त्याला किती औषध लागणार. “वेदना म्हणजे आता आकडे आहेत,” तो म्हणाला. फेर्रीनने मान डोलावली. सिल्बरमानने फेर्रीनकडे बघून मान डोलावली.

“हे आकडे विचारतं कोण?” मी म्हटलं.

“तो भाग नर्सिंगकडे आहे, डॉक्टर.”

“तुम्ही कधी विचारलंयत?”

“माझ्याकडे ते तयार येतात.” तो इतक्या निर्मळपणे म्हणाला की मला त्याचा रागही येईना. तयार अन्न खाऊन वाढलेल्या माणसाला चूल कुठाय विचारण्यात काय हशील? मी सोफ्यात मागे टेकले आणि माझा खुबा दुखला. तो दुखतोच; पण गेल्या हिवाळ्यापासून त्याचं दुखणं माझ्याशी स्पष्ट बोलतं. त्या हिवाळ्यात मी भाजीच्या दुकानाच्या पायरीवर घसरले. भाचा म्हणाला, चांगल्या खाजगी ठिकाणी जाऊ. मी म्हटलं, ज्या जिन्यात तो फोटो होता तिथेच मला न्या. फोटो उतरवला होता, भिंतीवर त्याचा चौकोनी पांढरा डाग उरला होता. आणि बायकांच्या वॉर्डात, माझ्या डाव्या बाजूच्या खाटेवर, सेलिकाबाई होत्या. ताकुआरेम्बोकडच्या, आयुष्यभर दुसऱ्यांची मेंढरं आणि दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या, आतड्याचं ऑपरेशन झालेल्या. नर्स पोरगी यायची, माझ्यापाशी थांबायची. “शून्य ते दहा, किती?” मी म्हणायचे, “सहा.” का सहा? सगळं आयुष्य याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला घालवलेली मी. मला ठाऊक होतं की पाच म्हटलं तर कुणी येत नाही आणि आठ म्हटलं तर सगळे येतात. मग ती सेलिकाबाईंकडे जायची. सेलिकाबाई उशीवरून डोकं उचलायच्या, चेहरा उजळायचा, आणि लग्नात आहेर करावा तशा म्हणायच्या, “दहा गं, दहा!”

दहा म्हटलं की सलाइनमधून मॉर्फिन वाढायचं. एका दुपारी भेटायला आलेली माणसं जेवायला गेली होती, वॉर्डात ऊन पडलं होतं, कुणाच्या तरी रेडिओवर फुटबॉलचा सामना कुजबुजत होता. मी डोळे मिटले होते. आणि माझ्या डाव्या कानात, जो कधीच माझा नव्हता, श्वास लांबायला लागला. आधी जरा खोल, मग जरा सावकाश, मग एक खड्डा. आपण गाणं ऐकत असावं आणि गाणारा पुढची ओळ विसरावा तसा खड्डा. मला बसता येत नव्हतं, मान वळत नव्हती. पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऑपरेशन थिएटरमधला होता, म्हातारीचा नव्हता. धावत आली ती एक बुटकी, रुंद खांद्यांची डॉक्टर. तिने आधी काही विचारलं नाही, सेलिकाबाईंची हनुवटी वर उचलली, नाव घेऊन हाक मारली, उतारा टोचला, आणि श्वास परत आला तरी हनुवटीखालचा हात काढला नाही. ती यानिना क्वाद्रो. मग ती खाटेच्या कडेवर बसून राहिली, सेलिकाबाई पुरत्या जाग्या होईपर्यंत.

“खूप दुखत होतं का, सेलिकाबाई?”

“दुखतंय की थोडं. पोट फाडल्यावर काय गुदगुल्या होणार?”

“थोडं? मग दहा का म्हणालात?”

“अगं पोरी, ती मुलगी किती मायेनं करते! पाणी देते, उशी सरकवते, केस विंचरते. तिला नऊ कसे देऊ? वर तिचा साहेब बघत असेल.”

यानिना हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. सेलिकाबाई शाळेत जेमतेम दोन-तीन इयत्ता गेल्या होत्या; तिथे त्यांना पुरे गुण कधीच कुणी दिले नसणार. आता कुठे गुण द्यायची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि त्यांनी ते मन मोठं करून दिले. दुसऱ्या दिवशी यानिना सगळ्या वॉर्डात हेच विचारत फिरली. पलीकडच्या खाटेवरची कपडे शिवणारी बाई म्हणाली, “मी चार देते, सूप अळणी असतं.” खिडकीजवळची एक म्हणाली, “दोन. आमच्या आईनं सांगितलंय, परक्या घरी कण्हायचं नाही.” आमच्या लोकांना असला प्रश्न विचारायचा म्हणजे शेजारणीला तिच्याच घरी जेवताना विचारण्यासारखं आहे, भाजी कशी झाली. मी त्या संध्याकाळी यानिनाला झुलेमाच्या तुंब्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “असं होय.” एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी आपली पाळी संपल्यावर ती काखेत थर्मास घेऊन वॉर्डात आली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला फोटोतल्या त्या कपाळाखालचा चेहरा दिसल्यासारखं झालं. म्हातारपणी असं होतं. मेलेल्यांना जिवंत माणसांची शरीरं वापरायला लागतात.

“डॉक्टर क्वाद्रो,” रोदोल्फोने हाक मारली आणि ती आत आली. तिसऱ्या हॉस्पिटलातून थेट आली असावी. कपाळावर टोपीचा वळ तसाच होता. थर्मास तिने दाराशी ठेवला. तिने सांगितलं तेही सोपं होतं. आकडा विचारायचा, आणि मग शेजारी बसून तुंबा द्यायचा, आणि तो परत कसा येतो ते बघायचं. दोन्ही जुळतात का? जुळत नसतील तर आपण आजवर कशावर औषध देत आलो? मग सेलिकाबाईंचं नाव न घेता तिने ती दुपार सांगितली. तिचा आवाज उत्तरेकडचा होता, ब्राझीलच्या सीमेकडचा, शब्दांच्या शेवटाला जरा ताणलेला. ती बोलत असताना रोदोल्फोने सँडविचचा मधला थर काढून खाल्ला.

“म्हणजे मोजायचं काय, तर यर्बा?” तो म्हणाला.

“हात मोजायचा, डॉक्टर.”

“परदेशातल्या मासिकात काय छापणार? गवताचा काढा आणि वाळका भोपळा?”

“यर्बावाले देतील की निधी!” फेर्रीन म्हणाला आणि सगळे हसले. तो विनोद त्याने तिचा अर्ज वाचला तेव्हाच करून ठेवलेला असणार, ताजा नव्हता. सिल्बरमान हसून झाल्यावर म्हणाली, “कल्पना गोड आहे हो. पण शास्त्र म्हणून जरा घरगुती वाटते.”

“वेदना घरीच असते, डॉक्टर,” यानिना म्हणाली. “हॉस्पिटलात ती नुसती भेटायला येते.”

“धन्यवाद,” रोदोल्फो म्हणाला. तिचं बोलणं संपलं नव्हतं. आमच्याकडे यर्बा पिताना धन्यवाद म्हणायचा तो एकदाच, पुरे झालं, आता मला देऊ नका, असं सांगायला. तिने ते ओळखलं. दाराशी वाकून थर्मास उचलला आणि गेली. या निधीसाठी तिचं हे शेवटचं वर्ष होतं. नियम असा की शिक्षण संपून काही ठरावीक वर्षं झाली की माणूस तरुण राहत नाही. नियमाला तिच्या डोळ्यांखालची वर्षं दिसली, तिच्या डोक्यातली दिसली नाहीत.

मग मी बोलले. मी फार बोलत नाही अशा ठिकाणी. तिथे मला आणून ठेवण्याचं तेच कारण. मी त्यांना सांगितलं की ती दुपार मी ऐकली आहे, या कानाने. मी सेलिकाबाईंचा दहा सांगितला, शिवणवालीचे अळणी चार सांगितले, माझा स्वतःचा सहा सांगितला. मी म्हटलं, या पोराचं यंत्र काय शिकेल ठाऊक आहे? आमच्या म्हाताऱ्यांचा शिष्टाचार शिकेल. नर्स जितकी प्रेमळ तितकं मॉर्फिन जास्त, हे शिकेल. खेड्यातली आई जितकी कडक तितकं कमी, हे शिकेल. आणि ते तुम्ही देशभर लावाल. मी त्यांना झुलेमाच्या तुंब्याचंही सांगितलं, आणि ती गोष्ट मीच यानिनाला दिली हेही. सिल्बरमानचे डोळे जरा ओले झाले होते. त्या क्षणी मला वाटलं, झालं. या वयातही मला असं वाटतं; हा माझा मूर्खपणा कुठल्याही भुलीने गेला नाही.

“बाई,” रोदोल्फो हळुवार म्हणाला, “किती सुंदर सांगितलंत. पण मग एक अडचण झाली ना.”

“कसली?”

“तुम्ही त्यांच्या रोगी होतात. शिवाय कल्पना तुमची. म्हणजे तुमचे हितसंबंध गुंतले. नियमाप्रमाणे तुम्हाला या दोघांवर मत देता येणार नाही. तुम्हीच मोठ्या मनाने सांगितलंत, म्हणून. नाहीतर आम्हाला कळलंही नसतं.”

“आणि तू त्या पोराचा धर्मपिता आहेस, ते?”

रोदोल्फो मनापासून हसला. “बाई, एवढ्याशा देशात कोण कुणाचा कुणी नाही? तसं धरलं तर या खोलीत मत द्यायला फक्त बेर्रुत्ती उरेल.” आणि पडद्याकडे हात केला. मग फेर्रीन हसला, मग सिल्बरमान. तिचे डोळे सुकले होते. मला आठवलं, हाच रोदोल्फो शिकाऊ असताना एकदा त्याला रोग्याची शीर सापडेना. तीनदा टोचून चौथ्या वेळी तो रोग्यालाच म्हणाला, तुमचा हात चुकीचा आहे. मी तेव्हाच त्याला सर्जरीकडे पाठवायला हवं होतं. तिथे तो खूप मोठा झाला असता. इथेही झालाच म्हणा. मला त्याचा तिरस्कारसुद्धा पुरता करता येईना; तिरस्काराला काहीतरी टणक लागतं, आणि हा माणूस कुठेही बोट ठेवा, आत जात होता.

त्या दोघांनी गुण दिले. तेही शून्य ते दहा. सिल्बरमानने आधी रोदोल्फोच्या कागदाकडे पाहिलं. फेलिपेला बोलावून टाळ्या वाजल्या, त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, “झुलेमा डॉक्टरांचं काम पुढे नेणं हा माझा सन्मान आहे.” पडद्यावर बेर्रुत्ती मिशीतून बघत होता. मला फोटोसाठी फेलिपेच्या शेजारी उभं करणार होते. मी खुबा दुखतोय म्हटलं. खोटं नव्हतं.

बाहेरच्या दारापाशी कंपनीची एक मुलगी उभी होती. पातळ जाकीट, छातीवर कंपनीचं फूल, दार उघडलं की वारा थेट तिच्या अंगावर. सकाळपासून तिथेच असावी. नाक लाल झालं होतं. तिने माझ्यासाठी दार धरलं, पायरीवर माझ्या कोपराला हात दिला, आणि मग अवघडून एक पाटीएवढा स्क्रीन पुढे केला. “आजी, एकच प्रश्न. आजचा कार्यक्रम कसा वाटला? शून्य ते दहा?”

तिची बोटं गार पडली होती. काठ्यांसारखी.

“दहा,” मी म्हटलं.

“खरंच?” तिचा चेहरा उजळला.

“दहा गं, दहा.”

आणि वळले तर बसथांब्याच्या बाकावर यानिना बसली होती, थर्मास मांडीवर, आणि माझ्याकडे बघत होती. तिने ऐकलं होतं. मी जाऊन शेजारी बसले. वाऱ्याने नदीचे शिंतोडे रस्ता ओलांडून येत होते. तिला निकाल फोनवर कळला होता. रोदोल्फोने कळवला नव्हता, फेलिपेनेच ‘स्पर्धा छान झाली’ असं लिहून पाठवलं होतं. “पुढच्या वर्षी,” मी म्हणायला सुरुवात केली आणि थांबले. पुढच्या वर्षी ती तरुण नसणार. “चिलेहून बोलावणं आहे,” ती म्हणाली. “दक्षिणेकडे. एकच हॉस्पिटल, पगार चांगला. तिथे विचार करायला लागत नाही.” मग म्हणाली, “दुपारच्या पाळीला उशीर होतोय. ही बस गेली की अर्धी दुपार जाते.” आणि तरी तिने थर्मासचं बूच फिरवलं, तुंब्यात यर्बा हलवून एका बाजूला उतरती केली, पाणी ओतलं, पहिला घोट नियमाप्रमाणे स्वतः घेतला, कडू, कोमट, मग परत भरून माझ्याकडे दिला.

ऊब तळव्यातून मनगटात चढली. मी प्यायले. झुलेमा असा देताना दुसरीकडे बघायची, खिडकीकडे, म्हणजे रोग्याला वाटू नये की आपल्यावर नजर आहे. तिच्या बोटांना ईथरचा वास असायचा आणि त्याखाली संत्र्याच्या सालीचा, कारण ती यर्बात साल टाकायची. ती गेली तेव्हा तिचं दुखणं कुणी मोजलं नव्हतं. तिने सगळ्यांना सांगितलं होतं की छान आहे. मी त्या आठवड्यात कामावर होते, माझ्या डाव्या कानात कुणा तिसऱ्याच माणसाचा श्वास चालला होता, आणि तिचा श्वास मी ऐकला नाही. तो ऐकायची पाळी माझी नव्हती, कुणाचीच नव्हती. तिचा तुंबा नंतर कुठे गेला असेल? कुणाच्या हातात? आणि तिच्याजागी तो मिशीवाला, हात मागे बांधून, आता दरवर्षी, दर हिवाळ्यात, पडद्यावर. नळी कधीच गुरगुरली होती. पाणी संपलं होतं. मी रस्त्यापलीकडे बघत होते, आणि मला वाटत होतं की मी काहीतरी बोलतेय.

बस आली. वळणावरून येताना तिने दोनदा भोंगा वाजवला. यानिनाने हात वर केला नाही. तिने मायक्रोफोनचा विनोदही केला नाही. बस थांब्यापाशी जरा संथ झाली, कुणी हात केला नाही म्हणून पुढे गेली, आणि तिच्या मागून आलेल्या वाऱ्याने यानिनाचे केस डोळ्यांवर आले. तिने ते बाजूला केले नाहीत. ती माझ्या हातांकडे बघत होती.

तुंबा अजून त्यांतच होता.